उद्या पाणी येणार नाही: वक्तृत्वशास्त्र आणि फोनवरचा संदेश

प्रश्न थोडक्यात असा: "मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, वक्तृत्वाचा गटही चालवते. मुलांना ग्रीक अ‍ॅरिस्टॉटल, रोमन सिसेरो आणि थोडंफार आपलं न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं आणि वादाचं जुनं शास्त्र, सांगते. यंदा एका मुलानं विचारलं, 'मॅडम, रील तीस सेकंदांचं. त्यात प्रास्ताविक कुठे बसवू? आणि व्हॉट्सअ‍ॅपला हे शास्त्र कुठे लागू पडतं?' मला पटेल असं उत्तर देता आलं नाही. हे सगळं जुनं झालंय का?"

मॅडम, जुनं झालेलं नाही. पण मुलाची अडचण खरी आहे आणि ती प्रास्ताविकाच्या लांबीची नाही. हे शास्त्र एका छपराखालच्या प्रसंगासाठी तयार झालं. वक्ता समोर, श्रोते समोर, वेळ ठरलेली, आणि भाषण सुरू झालं की संपेपर्यंत सलग. फोनवर या चारही गोष्टी एकमेकींपासून सुटल्या. बोलणारा एकीकडे, ऐकणारा भलतीकडे, ऐकण्याची वेळ ज्याची त्याची, आणि मधून हवा तेवढा तुकडा कापून घ्यायची मुभा सगळ्यांना. म्हणून मी मुलांना विचारायला लावीन ते एवढंच, की छप्पर उडाल्यावर शास्त्रातल्या कुठल्या भागावर जास्त भार आला?

माझं काम आधी सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या खिडकीतून दिलंय ते कळेल. बरीच वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय. पोटापाण्याचं काम मात्र नगरपालिका, आरोग्य मोहिमा, सहकारी संस्था यांच्या जाहीर सूचना, ध्वनिसंदेश आणि छोट्या चित्रफिती लिहून देण्याचं. तेव्हा निवडणूक प्रचार किंवा ब्रँडच्या जाहिराती यांच्याबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. तिथे पैसा आणि गणितं वेगळी. बंद गटातला संदेश आणि उघड्यावरचं रील यांतही फरक पडतो.

आधी माझी एक फजिती. एका नगरपालिकेसाठी मी सूचना लिहिली होती: "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या शहरात पाणीपुरवठा होणार नाही. तरी नागरिकांनी पाणी जपून वापरून सहकार्य करावे." मंगळवारी संध्याकाळी ती गटांवर गेली, बुधवारी दुरुस्ती झाली, गुरुवारी पाणी आलं. सगळे खूश. दहा-बारा दिवसांनी कुणीतरी जुन्या गटात सापडलेली तीच सूचना भल्या हेतूनं पुढे पाठवली. अर्ध्या गावानं पिंपं, बादल्या, घागरी, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवले. सगळे नळ एकाच वेळी धो धो चालले, टाकी खाली गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या टोकाच्या दोन वस्त्यांना खरंच पाणी मिळालं नाही. संदेशानं स्वतःलाच खरं करून दाखवलं.

चूक एका शब्दाची होती: उद्या. मी दवंडीच्या सवयीनं लिहिलं होतं. दवंडीवाला चौकात हलगी वाजवून "उद्या पाणी येणार नाही हो" म्हणतो तेव्हा तो 'उद्या' बरोबरच असतो, कारण दवंडी हवेत विरते आणि तिचा 'आज' सगळ्यांना माहीत असतो. फोनवरची दवंडी विरत नाही. ती वाचणाऱ्याच्या 'आज'मध्ये पुन्हा पुन्हा जन्माला येते, आणि तिचा 'उद्या' कधीच संपत नाही.

ग्रीकांकडे योग्य वेळेला 'कैरोस' असा शब्द आहे. बोलणं चांगलं की वाईट हे वेळेवर ठरतं, हा विचार त्यांच्या वक्तृत्वाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये औचित्य हाच काव्याचा प्राण मानला, आणि त्यात देश-काळाचं औचित्यही धरलं. विचार दोन्हीकडे शाबूत आहे. फरक इतकाच, की सभेत वेळ प्रसंगातून आपोआप मिळायची. फोनवर ती मजकुरात स्वतः लिहावी लागते. पुढची सूचना आम्ही अशी काढली: "बुधवार, १२ जून २०१९. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ पाणी बंद. फक्त स्टेशन रोडच्या टाकीवरचे भाग. गुरुवारी १३ तारखेला नेहमीच्या वेळी पाणी येईल. गुरुवारनंतर ही सूचना पुढे पाठवू नये." कार्यालयातल्या एका साहेबांना ती रुक्ष वाटली. "सहकार्य करावे कुठे गेलं?" म्हणाले. मी म्हटलं, तारीख घातली ना साहेब, तेच सहकार्य.

ही अडचण फोननं आणली असं वाटतं, पण ती फार पूर्वीच मांडली प्लेटोनं, आणि त्याला फक्त लिहिणं माहीत होतं. 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी तक्रार आहे की लिहिलेला शब्द सगळीकडे भटकतो, ज्याला कळतं त्याच्याकडे जातो आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्याकडेही. त्याच्यावर कुणी अन्याय केला तर तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, त्याला बापाची मदत लागते. फॉरवर्डचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. बाप जागेवर नसताना पोर गावभर हिंडतंय. तेव्हा लिहिणाऱ्यानं पोराच्या खिशात काय काय घालून ठेवायचं, हा आमचा रोजचा धंदा.

आता मांडणीकडे येतो, कारण खरा मार तिथे बसतो. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडतात. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतक्या ताकदीनं सांगायचं आणि मग उत्तरपक्षात ते खोडायचं. चांगल्या कीर्तनकाराची निम्मी गंमत त्यात असते. स्पर्धेतसुद्धा मी अशा मुलाला दोन गुण जास्त देत आलो. पण हेच भाषण कॅमेऱ्यासमोर झालं, तर पूर्वपक्षाचे चाळीस सेकंद कापून कुणीही ते त्याचंच मत म्हणून फिरवू शकतो. कापणारा दुष्टच असायला हवा असं नाही. तो भाग जास्त रंगलेला असतो, म्हणून उचलला जातो.

शेवट कापला की काय होतं याचं सगळ्यात भयानक उदाहरण २०१८ चं आहे. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, अशी एक चित्रफीत तेव्हा देशभर फिरली. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी केलेली फिल्म होती. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. फिरलेल्या फितीत तो शेवट नव्हता. करणाऱ्यांनी सगळा अर्थ शेवटच्या काही सेकंदांत ठेवला होता, आणि कात्री नेमकी तिथेच लागली. अशाच अफवांच्या त्या हंगामात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, एवढीच अफवा होती.

अ‍ॅरिस्टॉटलनं ज्याला एन्थिमीम म्हटलंय ते इथे नीट समजून घ्या. पाठ्यपुस्तकात त्याला अपूर्ण अनुमान म्हणून दोन ओळींत उरकतात. त्याचा जीव असा आहे की बोलणारा अर्धीच साखळी सांगतो, उरलेली कडी ऐकणारा स्वतःच्या मनातून घालतो, आणि स्वतः घातलेली असल्यामुळे ती त्याला जास्त खरी वाटते. "टोळी फिरते आहे" एवढं संदेश सांगतो. "हे अनोळखी लोक म्हणजेच ती टोळी" हे कुठल्याच संदेशात लिहिलेलं नसतं, ते पारावर बसलेली माणसं घालतात. मीमसुद्धा असाच चालतो, चित्र आणि अर्धी ओळ. घरच्या गटात तो विनोद असतो, दुसऱ्या गटात गेला की तिथली माणसं वेगळी कडी घालतात आणि तो अपमान होतो.

त्या काळात आम्हाला अफवेविरुद्ध संदेश लिहायला सांगितला होता. पहिल्या कच्च्या मसुद्याची सुरुवात होती: "मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आली असल्याची चर्चा पूर्णतः खोटी आहे." व्याकरण ठीक, हेतू ठीक. मी तो स्वतःच्याच फोनवर पाठवून बघितला. बंद पडद्यावर वरच्या पट्टीत दिसलं: "मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आली अस…". पुढे टिंबं. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे नकारही शेवटी. 'नाही' किंवा 'खोटी आहे' येईपर्यंत पट्टी संपलेली असते, आणि अफवा मात्र पूर्ण पोचलेली असते. शासनाच्या पैशानं, शासनाच्या नावानं! मग वाक्य उलटं केलं: "पोलीस ठाण्यात एकही तक्रार नाही, आपल्या तालुक्यात मूल पळवल्याची." यातले पहिले चार-पाच शब्दच वाचले तरी निदान काही विपरीत पोचत नाही. (अर्थात हे लिहिण्याआधी ठाण्यात जाऊन खात्री करावी लागते. ती केली.)

हे मी कुठल्याच ग्रंथात वाचलेलं नाही, पण ग्रंथातल्या 'मांडणी' या शब्दाचाच हा विस्तार आहे. मुलांना मी सांगतो की भाषणाच्या मोठ्या भागांची मांडणी जुन्यांनी शिकवली, आता एका वाक्याच्या आतली मांडणी शिका. पूर्वपक्ष सांगायचाच असेल तर त्याच्या प्रत्येक वाक्यात 'ते म्हणतात', 'असा दावा आहे' ही मूठ ठेवा, नुसती सुरुवातीला एकदा नको. कानाला जरा खटकतं. खटकू द्या.

जिम रिडोल्फो आणि डॅनिएल डेव्हॉस या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये याच गोष्टीला 'ऱ्हेटॉरिकल व्हेलॉसिटी' असं नाव दिलं. आपला मजकूर पुढे कोण, किती लवकर आणि कसा मोडून-जोडून वापरेल, याचा अंदाज बांधूनच तो लिहावा, असं ते म्हणतात. वक्तृत्वाचा वेग असं त्याचं मराठी करता येईल. त्यांनी ते वक्तृत्वाच्या जुन्या पाच अंगांपैकी (विषय शोधणं, मांडणी, भाषाशैली, स्मरण, सादरीकरण) सादरीकरणाशी जोडलं, हे मला आवडतं.

विश्वासार्हतेचं काय? अ‍ॅरिस्टॉटलचा आग्रह असा की वक्त्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर बोलण्यातूनच उभा राहायला हवा. शहाणपण, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलची कळकळ, ही तिन्ही त्याच्या बोलण्यात दिसली पाहिजेत. बंद गटात हे गणित बिघडतं, कारण तिथे विश्वास लिहिणाऱ्यावर नसतो, पाठवणाऱ्यावर असतो. आत्यानं पाठवलंय म्हणजे खरं असणार. आत्याची कळकळ अस्सल असते, मजकुराचं शहाणपण मात्र भलत्याचंच असतं, आणि वाचणारा दोन्ही एकत्र करून घेतो. व्हॉट्सअ‍ॅपनं जुलै २०१८ मध्ये 'फॉरवर्डेड' ही खूण आणली, भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून बरंच फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जाऊ लागला. मजकुराला हात न लावता फक्त वेग कमी केला. आमच्या भाषेत, सादरीकरणावर लगाम.

आमच्या कामात यावर उपाय म्हणून लोक लेटरहेडचा फोटो टाकतात, शिक्का आणि सहीसकट. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. त्यावरची तारीख कुणीही खोडून बदलतो, म्हाताऱ्या माणसाला ती अक्षरं वाचता येत नाहीत, आणि शोधायला गेलं तर सापडत नाहीत. साधा मजकूर लिहावा आणि शेवटी खात्री कुठे करायची ते सांगावं: पाणीपुरवठा कार्यालयाच्या दारावरचा फळा. फळा हलत नाही. ज्याला शंका आहे तो सायकल मारून बघून येतो. बापाची मदत म्हणतात ती हीच.

इथपर्यंतचं थोडक्यात: वेळ मजकुरात लिहा, कुठेही कापलं तरी उलटा अर्थ निघणार नाही अशी वाक्यं करा, अर्धी साखळी सोडताना पुढची कडी कोण घालणार ते बघा, आणि विश्वास अशा ठिकाणी टांगा जिथे माणसाला जाता येतं.

आता तुमच्या विद्यार्थ्याचं प्रास्ताविक. सिसेरोनं प्रास्ताविकाची व्याख्या लांबीनं केलेली नाही, कामानं केली आहे: श्रोत्याला आपल्याबद्दल आपलेपणा वाटला पाहिजे, त्यानं लक्ष दिलं पाहिजे आणि समजून घ्यायला तो तयार झाला पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटल तर स्पष्ट सांगतो की विषय लहान किंवा उघड असेल तर प्रास्ताविकाची गरज नाही. तेव्हा तीन सेकंदांत ती तीन कामं झाली तर प्रास्ताविक झालं. आणि घरचंच उदाहरण द्यायचं तर ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. पहिल्याच ओवीत ज्ञानदेव म्हणतात, फक्त लक्ष द्या, सगळ्या सुखाला पात्र व्हाल, हे माझं उघड वचन आहे. रीलवाले ज्याला हुक म्हणतात तो याहून काय वेगळा? पण लगेच दुसऱ्या ओवीत ते सांगतात की हे मी बढाईनं बोलत नाही, तुमच्यासारख्या जाणत्यांपुढे सलगीनं केलेली ही विनवणी आहे. रील बनवणारी मुलं पहिली ओवी शिकतात, दुसरी विसरतात. मग 'हे बघितलं नाहीत तर पस्तावाल' छापाची सुरुवात होते, लक्ष मिळतं, आपलेपणा जातो.

अजून एक गोष्ट वर्गात छान रंगते: पुणेरी पाटी. दारावर असते तेव्हा ती सूचना असते. दुपारी बेल वाजवू नका, गाडी इथे लावू नका. तिचा श्रोता म्हणजे दारात उभा असलेला एक माणूस, आणि त्यानं पुढच्या क्षणी काय करावं हे तिला ठरवायचं असतं. अ‍ॅरिस्टॉटलनं भाषणाचे तीन प्रकार केले: सल्ल्याचं, न्यायालयातलं आणि स्तुती-निंदेचं. त्यांत ती सल्ल्याच्या भाषणात बसेल, भविष्याकडे तोंड असलेली. तिचाच फोटो फोनवर आला की कुणीच बेल वाजवणार नसतं. ती आता पुण्याच्या खोचकपणाची स्तुती किंवा निंदा होते, म्हणजे तिसऱ्या प्रकारात जाते. शब्द एकही बदलला नाही आणि प्रकार बदलला. माझं निरीक्षण असं की उघड्यावरची माध्यमं जवळजवळ प्रत्येक गोष्टीला या तिसऱ्या प्रकाराकडे ढकलतात. रस्त्यावरचा खड्डा कसा बुजवायचा यावर लिहा, खाली चर्चा होते ती कोण नालायक यावर.

त्या खालच्या चर्चेसाठी मात्र ग्रीकांपेक्षा आपलं न्यायशास्त्र जास्त कामाला येतं. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. मी उत्तर देण्याआधी समोरचा तिघांपैकी काय करतोय ते बघतो. वाद असेल तर मन लावून उत्तर देतो. जल्प असेल तर इतर वाचणाऱ्यांसाठी एकदाच. वितंडेला नाही. न्यायसूत्रांत हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं. त्यातली 'मतानुज्ञा' मुलांना जरूर शिकवा: आपल्या बाजूचा दोष न खोडता 'तोच दोष तुमच्यातही आहे' म्हणणं. "तुमच्या काळात काय होत होतं?" हे वाक्य रोज शंभरदा दिसतं, शास्त्राप्रमाणे ते म्हणणारा तिथेच हरलेला असतो. पण जुन्या सभेत हे जाहीर करायला मध्यस्थ बसलेला असायचा. इथे तो नाही. त्यामुळे हरलेल्याला कळवणारं कुणी नसतं.

स्मरण आणि सादरीकरण ही दोन अंगं पटकन उरकतो. स्मरण पूर्वी वक्त्याचं बळ होतं, आता ते श्रोत्याकडे स्क्रीनशॉटच्या रूपात असतं आणि बहुधा वक्त्याविरुद्ध वापरलं जातं. सादरीकरणाबद्दल डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याची गोष्ट सांगतात की वक्तृत्वात पहिलं, दुसरं आणि तिसरं महत्त्वाचं काय, तर तिन्ही वेळा त्याचं उत्तर सादरीकरण. तो बरोबर होता, फक्त एसटीत बसून आवाज बंद करून बघणाऱ्या माणसासाठी सादरीकरण म्हणजे पडद्यावरची अक्षरं. आशाताईंच्या (गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या) गटात मात्र उलट अनुभव आहे. तिथे लिहिलेल्यापेक्षा ओळखीच्या आवाजातला एक मिनिटाचा ध्वनिसंदेश जास्त चालतो, आणि तिथे श्वास, ठेहराव, आवाजाची उंची हे सगळं जुनं शास्त्र जसंच्या तसं लागू.

वर्गात करायला एक खेळ सुचवतो. एका मुलानं दोन मिनिटं बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं. मग विरुद्ध गटानं त्यातले सलग वीस सेकंद असे निवडायचे की बोलणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान होईल. मग त्याच मुलानं तेच भाषण पुन्हा बांधायचं, कात्रीला जागा मिळू नये असं. गुण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं पूर्वपक्षावरच कापली जातात, हुशार मुलं आधी.

फक्त एक काळजी घ्या. तास संपेपर्यंत सगळे फोन टेबलावर गोळा करा आणि कापलेले तुकडे तिथेच पुसून टाका. आमच्याकडे एकदा एक बाहेर गेला होता, आणि त्या मुलीच्या काकांचा फोन मला रात्री साडेदहाला आला.